सत्ताविसातला मधला

मी मधला बोलतोय. नुसतं ‘ठोकळ्या’ म्हणून हाक मारलीत तर आणखी सव्वीस जण ओ देतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चार सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार उंच, अंगावर रंगाचा ठिपका नाही, असा मी लाकडाचा एक ठोकळा. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं काहीच नाही. पण ऐकून तर घ्या.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. त्याची मुलगी त्याला अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. ती नुकतीच शाळेत बाई म्हणून लागली होती, चौथीच्या वर्गावर. एक दिवस शाळेतून आली ती थेट अण्णांच्या कामाच्या पडवीत, रडकुंडीला येऊन.

“अण्णा, पोरांना घनफळ काही केल्या कळत नाही. फळ्यावर खोकं काढलं तर त्याला चौकोन म्हणतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची असं धडाधड घोकतात, आणि का गुणायचं म्हणून विचारलं की छताकडे बघत बसतात.”

अण्णा रंधा थांबवून म्हणाले, “मग त्यांच्या हातात काहीतरी दे की. मी देतो करून.”

कुणाच्या तरी दाराच्या चौकटीतून एक तुकडा उरला होता. त्यातून आम्ही निघालो. अण्णा प्रत्येकाला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचे, आणि केसभर जरी कुणी वाकडा निघाला की त्याची रवानगी चुलीत. आमचे तीन भाऊ असे गेले. उरलेल्या सत्तावीस जणांना त्यांनी तीन बाय तीन बाय तीन असं रचलं आणि खिडक्यांना लावून उरलेला निळा तेलरंग बाहेरून फासून टाकला. एकेकाला वेगळं रंगवत कोण बसणार! त्यामुळे झालं काय, कोपऱ्यातल्या आठ जणांना तीन-तीन बाजूंनी रंग मिळाला, कडेच्या बारांना दोन-दोन, प्रत्येक बाजूच्या मध्यावर बसलेल्या सहांना एक-एक. आणि मला? मला भोपळा.

“अण्णा, हा एक कोराच राहिला की,” बाई म्हणाल्या.

“राहू दे. आत बसणाऱ्याला कोण बघतंय?”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या कोरेपणानंच पुढे मला भाव मिळवून दिला.

दर वर्षी घनफळाचा धडा आला की बाई टेबलावर आमचा ढीग रचायच्या. “किती ठोकळे आहेत? हात लावायचा नाही. फक्त बघून सांगा.” पोरं टेबलाभोवती पिंगा घालायची. कुणी नऊ सांगायचं. बहुतेक जण एका बाजूला नऊ म्हणजे सहा बाजूंना चोपन्न असा हिशेब करून मोकळे व्हायचे. बिचाऱ्या कोपऱ्यातल्याची गणती तीनदा व्हायची आणि तो फुशारून बसायचा. काही हुशार पोरं पुन्हा पुन्हा मोजून सव्विसावर यायची आणि तिथेच गाडी अडायची. सव्वीस म्हणजे मी सोडून सगळे. दर वर्षी मी आत बसून ओरडायचो, अरे मी आहे, मी आहे! लाकडाचा आवाज कुठला बाहेर जातोय.

मग बाई हळूच वरचा थर उचलायच्या. नऊच्या नऊ ठोकळे बाजूला. आणि निळ्या शेजाऱ्यांच्या मधोमध मी! कोरा करकरीत. सगळा वर्ग एका दमात “अय्याऽ” करायचा.

“दिसत नव्हता म्हणून तो नव्हता का?” बाई विचारायच्या. “दिसत नसला तरी जागा व्यापतो ना? मग मोजायचा. एका थरात किती? नऊ. थर किती? तीन. आता सांगा बघू, का गुणायचं?”

त्यावर पोरांच्या तोंडून एक लांबलचक “हांऽऽ” निघायचा. काही कळलं की माणसं असा आवाज काढतात. त्या ‘हां’साठी मी वर्षभर अंधारात बसायला एका पायावर तयार होतो. नंतर मला हातोहात फिरवलं जायचं. कुणी वास घ्यायचं, कुणी कानाला लावायचं. एकानं तर चक्क चाटून पाहिलं होतं.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग वर्गात ती आली.

तिला सगळे घाई म्हणायचे. प्रश्न संपायच्या आत हिचं उत्तर तयार. ठोकळ्यांच्या तासालाही बाईंनी ढीग रचला न रचला तोच ही ओरडली, “चोपन्न!” पण वरचा थर उचलल्यावर ती जी गप्प झाली ती झालीच. मी तिच्या हातात गेलो तेव्हा तिनं मला पुढे दिलंच नाही. शेजारची मैत्रीण कोपरानं ढोसत होती तरी नाही.

का, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाई पोरांची माहिती लिहून घेत होत्या. घाईचा नंबर आला.

“घरात माणसं किती?”

“चार. मी, आई, आजी आणि बाबा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, हिचे बाबा नसतात घरी. तीनच आहेत.”

“चार!” घाई त्याच्यावर खेकसली. “दिसत नसले तरी मोजायचे!”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चार लिहिलं. त्याच दुपारी, सगळी पोरं डब्याला पळाल्यावर, घाईनं आमचं खोकं उघडलं, मला उचललं आणि दप्तरात टाकलं.

तिच्या घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिच्या आईचं शिवणयंत्र, सतत खडखडणारं. यंत्राच्या वर एक फळी. तिनं मला त्या फळीवर ठेवलं आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलली. “तू इथे बस. बाबा आले की तुला परत नेऊन देईन. शप्पथ.”

तिचे बाबा परदेशी बांधकामावर गेले होते. दोन वर्षांत येतो म्हणाले होते. आधी फोन यायचे, मग सणासुदीला यायचे, मग येईनासे झाले. घरात त्यांचं नाव निघालं की आजी डोळ्यांना पदर लावायची आणि आई यंत्र जोरात चालवायची. आणि घाई मला फळीवर इकडून तिकडे सरकवायची. म्हणजे माझं परतणं अडकलं होतं एका माणसाच्या येण्यात, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं!

पुढच्या आठवड्यात ती मला दप्तरात घालून शाळेत घेऊन गेली. मला वाटलं, सुटलो. बाई वर्गाला म्हणत होत्या, “आपला मधला हरवलाय. कुणी नेला असेल तर मी रागावणार नाही. सगळ्यांनी डोळे मिटा, मीही मिटते. दहा अंक मोजते. तेवढ्यात ज्यानं नेलाय त्यानं टेबलावर ठेवून द्यावा.”

बाई मोजू लागल्या. घाईचा हात दप्तरात आला. तिनं मला घट्ट धरलं, इतकं घट्ट की तिची नखं माझ्यात रुतली. तो ओरखडा अजून आहे. एक, दोन, तीन… सात आल्यावर मला वाटलं आता काढते. नऊ आले. दहा झाले. हात तसाच राहिला. बाईंनी डोळे उघडले आणि रिकामं टेबल बघून फळा पुसायला लागल्या.

मी घाईवर रागावलो का? रागावलो की! चार दिवस मनातल्या मनात फुगून बसलो होतो. पण माझ्यावाचून घरातला एक माणूस मोजायचा राहील असं जर कुणाला वाटत असेल, तर त्याच्यावर रागवून रागवणार किती?

मग काय काय कामं केली म्हणून सांगू! आईच्या कापलेल्या कागदांवर वजन म्हणून बसलो. यंत्राचा एक पाय लंगडा झाला तेव्हा तीन महिने त्याच्याखाली राबलो, त्यात माझा एक कोपरा गेला. आणि एका सुट्टीत तर घाईनं कमालच केली. बाबांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात माझ्यासारखे किती ठोकळे मावतील हे तिला काढायचं होतं.

“अगं, ठोकळा एकच. पेटी भरणार कशी?” आजीनं विचारलं.

“भरायची नाही आजी, मोजायची.” तिनं मला पेटीच्या कडेला ठेवलं, पेन्सिलनं खूण केली, उचललं, खुणेच्या पुढे ठेवलं. लांबीत पंधरा वेळा. रुंदीत नऊ वेळा. उंचीत आठ वेळा, तेव्हा मला हवेत धरून ठेवलं होतं. माझा पार घामटा निघाला. मग तिनं कागदावर गुणाकार केला. “एक हजार ऐंशी!”

“बरं झालं एकच आणलास,” आजी म्हणाली. “एवढे ठेवले कुठे असते?”

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एकटा असलो तरी मी कुठलंही खोकं मोजू शकतो. छाती फुगली. पण संध्याकाळी फळीवर बसल्यावर सगळे शेजारी आठवले. वरचा, खालचा, चार बाजूंचे चार. मी नसताना वरचा तर धाडकन माझ्या जागेत पडत असेल. बाई काय करत असतील? दर वर्षी तो धडा यायचा महिना आला की माझा जीव तिकडे ओढ घ्यायचा. ‘हांऽऽ’ ऐकू येतोय असा भास व्हायचा. चौदा वर्षं! वनवासच म्हणायचा.

घाई मोठी झाली. पार्सलच्या ऑफिसात लागली. खोकं मोजायचं, किती जागा खाईल ते सांगायचं, हेच तिचं काम. आणि एका दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. केस पिकलेले, एक पाय ओढत चालणारा, हातात एक पिशवी. आजीनं त्याला ओळखलं आणि डोळ्यांना पदर लावला.

बाबा आले होते.

मला वाटलं, झालं! आता घाई धावत जाईल, त्यांच्या गळ्यात पडेल आणि उद्या मला शाळेत नेऊन देईल. पण कसलं काय. ती कामावरून आली, त्यांच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आतल्या खोलीत निघून गेली. जेवायलासुद्धा बसली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा आईला सांगत होते, उंचावरून पडलो, पाय गेला, काम गेलं, रिकाम्या हातानं घरी यायची लाज वाटली, लाजेत वर्षं गेली. आई ऐकत होती आणि एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवत होती. आतून घाईही ऐकत असणार. बाहेर मात्र आली नाही.

तीन आठवडे असेच गेले. लहानपणी बाबांना अरे-तुरे करणारी पोर आता अहो-जाहो करत होती, तेही अगदीच गरज पडली तर. सगळे जेवायला बसले की आपलं ताट उचलून आत जायची. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसून असायचे. त्यांची पिशवी अजून तशीच भरलेली होती, कारण ती रिकामी कर असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

आणि मग रविवारी सकाळी माणसं मोजणारी बाई आली. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. दार घाईनं उघडलं.

“घरात माणसं किती?”

“तीन,” घाई म्हणाली.

आईचं यंत्र थांबलं. मी फळीवर होतो, मला वाटलं मी इथून खाली पडतो की काय. चौदा वर्षं जी पोर साऱ्या जगाशी भांडून चार म्हणत आली, तिनं माणूस समोर बसलेला असताना तीन सांगावं?

मोजणाऱ्या बाईनं आत डोकावून खुर्चीकडे पाहिलं. “आणि हे?”

“ते पाहुणे आहेत.”

बाबा आपल्या पायाकडे बघत राहिले. त्या बाईनं तीन लिहिलं आणि ती पुढच्या दारी गेली.

दुपारी बाबांनी उगाच चाळा म्हणून मला हातात घेतलं, तशी आई म्हणाली, “जपून. तुमच्या वाटणीचा आहे तो.” आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. शाळेचं, दप्तराचं, शपथेचं. घाईला वाटायचं हे कुणाला ठाऊक नाही. पण माझ्याशी ती जे बोलायची ते दोन खोल्यांच्या घरात आईला ऐकू जाणार नाही तर काय! बाबा बराच वेळ मला हातात फिरवत बसले. त्यांचा हात खडबडीत होता, अण्णांच्या हातासारखा.

दुसऱ्या दिवशी घाई कामावर आणि आई शिवलेले कपडे पोचवायला गेल्यावर त्यांनी मला खिशात घातलं, आजीला शाळेची वाट विचारली आणि निघाले. मुलगी ज्या शाळेत शिकली ती शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती. दोनदा चुकले. पोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. बाई वर्गात एकट्याच कपाट आवरत होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. निवृत्तीला पाच दिवस उरले होते, हे मला तिथेच कळलं.

बाबांनी मला टेबलावर ठेवलं. “माझ्या मुलीनं नेला होता हा. मी आलो की परत देणार होती.” मग जरा थांबून म्हणाले, “तर… मी आलोय.”

बाईंनी मला उचललं. चष्मा वर करून तुटका कोपरा पाहिला, ओरखडा पाहिला. अंगठ्यानं मला पुसत राहिल्या. “आमच्या अण्णांनी केलेला आहे हा,” म्हणाल्या. “ते गेले, मग दुसरा कुणाकडून करून घ्यायला माझं मन होईना.” त्यांनी खोकं काढलं. माझे सव्वीस भाऊ! निळा रंग जागोजागी उडालेला. आणि माझ्या जागी पुठ्ठ्याची एक गुंडाळी, वरच्यानं खाली पडू नये म्हणून. “दर वर्षी पोरं गुणून सत्तावीस सांगतात आणि उघडल्यावर भांडतात, बाई, फसवलंत, सव्वीसच आहेत! मी सांगते, बाळांनो, गेलाय तो कुठेतरी. जागा त्याचीच आहे.”

बाबा पोरांच्या त्या बुटक्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली. दारात घाई. केस विस्कटलेले, एका पायात आईची चप्पल, दुसऱ्या पायात स्वतःची.

“आज लवकर आले मी,” ती धापा टाकत म्हणाली. बाईंना नमस्कार नाही, काही नाही. “सगळ्यांची पानं घेतली. चार. हाक मारायला बघते तर तू नाहीस. चप्पल नाही. फळीवर ठोकळा नाही. आजी म्हणाली शाळा विचारत होता. मला वाटलं, ठोकळा देशील आणि तसाच जाशील पुन्हा…” आणि मोठी झालेली ती घाई दारातच भोकाड पसरून रडायला लागली.

बाबा उठले. पाय ओढत दारापर्यंत गेले.

पुढचं मला दिसलं नाही. बाईंनी पुठ्ठ्याची गुंडाळी काढून मला माझ्या जागी बसवलं. थोडा घट्ट बसलो, कारण चौदा वर्षांत बाहेरची हवा पिऊन जरा फुगलोय. मग माझ्यावर वरचा थर आला. अंधार झाला. शेजाऱ्यांची गार अंगं सगळ्या बाजूंनी लागली. ज्याच्यासाठी इतकी वर्षं झुरलो ते सगळं मिळालं. आणि लाकडातून एवढंच ऐकू आलं, “चल, अन्न गार होतंय.” मग दोघांची पावलं जिना उतरत गेली. एक पाऊल ओढत, आणि दुसरं त्याच्यासाठी थांबत थांबत. माझी घाई, आणि थांबत थांबत!

बाई पाच दिवसांनी गेल्या. जाण्याआधी शेवटचा तास त्यांनी आमचाच घेतला. ‘हांऽऽ’ झाला. अगदी मनासारखा झाला. आता वर्गावर नवे सर आहेत. चांगले आहेत, पण घनफळ ते पडद्यावर शिकवतात. तिथे ठोकळे आपोआप येऊन बसतात आणि आपोआप उडून जातात. आमचं खोकं कपाटावर आहे. दोन वर्षांत कुणी उघडलेलं नाही.

मी तक्रार करत नाही. माझ्या जागी आहे. पण खरं सांगू? आता माझा जीव त्या फळीकडे ओढतो. यंत्राची खडखड आठवते. चौदा वर्षं मी तिथून तीनच पानं घेतलेली पाहिली. बाबा आल्यावर चार घेतली जायची, पण चौथं घाई उचलून आत न्यायची. चारही जण एका वेळी, एका खोलीत जेवायला बसलेत, हे बघायला मी जन्मभर तिथे बसलो होतो आणि नेमकं त्या दुपारी मला इथे आणून ठेवलं.

तेव्हा बाबांनो, बायांनो, तुम्ही कुणी कधी कपाटावरचं हे खोकं उघडलंत, तर पोरांना आम्हाला हातात घेऊ द्या. चाटलं तरी चालेल. आणि जमलं तर एक दिवस, एकच दिवस, मला खिशात घालून त्या घरी घेऊन जा. जेवायच्या वेळेला. मी काही बोलणार नाही. फळीवर बसेन, मोजेन आणि परत येईन.